वॉर्ड नऊचे दिवस

"वॉर्ड नऊ जवळजवळ रिकामाच असतो," टक्केसाहेब म्हणाले आणि भिंतीवरच्या पडद्यावर लाल ठिपका फिरवत त्यांनी तो आलेखातल्या सगळ्यांत बुटक्या खांबावर आणून टेकवला. "मे महिना. अकरा टक्के. म्हणजे बावीस खाटा आणि सरासरी अडीच माणसंसुद्धा नाहीत."

आकडेबाई दहा मिनिटांपूर्वी वॉर्ड नऊमध्येच होत्या. सकाळच्या मोजणीची वही टेकवायला तिथे त्यांना बोटभर जागा मिळाली नव्हती. शेवटी एका रुग्णाच्या पायाशी, त्याला विचारून, त्यांनी ती उघडली होती.

"साहेब," त्या अधीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "तिथे बावीस माणसं आहेत. मी आत्ता बघून आले."

"ते सरासरी सांगतायत, बाई. मेची."

"मेमध्येही बावीसच होती. एक जण गेला आणि दोन दिवसांनी त्याच खाटेवर दुसरा आला. बाकीचे एकवीस तिथेच होते. अजूनही आहेत."

"मग हे अकरा टक्के काय आभाळातून पडले?"

आकडेबाईंनी वहीचं पान उलटलं. या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती. संख्याशास्त्राची पदवी घेऊन त्या इथे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात वॉर्डबॉयनी त्यांचं नाव आकडेबाई ठेवलं. लोकांनी ठेवलेल्या नावांमध्ये अचूक नाव क्वचितच सापडतं. हे अचूक असल्यामुळे त्यांनी कधी हरकत घेतली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीत प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे आडवी रेघ मारायची, रेघेच्या वरचे दिवस या महिन्यात लिहायचे आणि माणूस खाटेवर असेल तर रेघेखाली पुढच्या महिन्याची मोजणी सुरू करायची, हे काम त्यांनी सव्वातीनशेच्या आसपास महिने केलं होतं. जानेवारीपासून नवी प्रणाली आली आणि रेघ मारायची गरज संपली, असं त्यांना लेखी कळवण्यात आलं.

"हा माणूस सात मार्चला आला, बावीस मेला गेला," त्या म्हणाल्या. "आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचा धरायचा नाही. एकूण शहात्तर दिवस. त्यांतले मार्चचे पंचवीस, एप्रिलचे तीस, मेचे एकवीस. यांच्या प्रणालीने शहात्तरच्या शहात्तर मेच्या खात्यात टाकलेत. मे महिन्यात शहात्तर दिवस नसतात, साहेब."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"बावीस खाटा गुणिले एकतीस, सहाशे ब्याऐंशी. त्यात शहात्तर म्हणजे अकरा टक्के. हे आले तुमचे अकरा."

"आणि बाकीचे एकवीस जण?" अधीक्षकांनी विचारलं.

"ते गेलेलेच नाहीत. त्यामुळे त्यांचा एकही दिवस कुठे लागलेला नाही. या अहवालात माणूस गेला की दिसतो. राहिला तर दिसत नाही. मेचा खरा आकडा सहाशे ब्याऐंशीपैकी सहाशे ऐंशी आहे. दोन दिवस एक खाट रिकामी होती. तीही धुवायला."

टक्केसाहेबांनी लाल ठिपक्याचा दिवा बंद केला. ते बाहेरच्या कंपनीचे सल्लागार होते. पन्नाशीचे, नीटनेटके आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देण्याची सवय असलेले. "मॅडम, तुमचं म्हणणं नव्वद टक्के बरोबर आहे. पण अहवाल डिस्चार्जच्या तारखेवर निघतो. रचनाच तशी आहे."

"मग रचना चुकली आहे."

"ती पुढच्या टप्प्यात घेऊ. डिसेंबरनंतर."

"महिन्याची पहिली तारीख आणि माणूस आल्याची तारीख, दोन्हींतली उशिराची घ्यायची. पुढच्या महिन्याची पहिली तारीख आणि माणूस गेल्याची तारीख, दोन्हींतली आधीची घ्यायची. तो गेला नसेल तर पुढच्या महिन्याचीच. वजाबाकी करायची. चौथीच्या मुलालाही जमेल. याला टप्पा कशाला लागतो?"

"तुम्ही मार्चमध्येही अशीच तक्रार केली होती," टक्केसाहेब जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "आणि आम्ही ती आठवड्याच्या आत दूर केली होती."

दूर केली होती, हे खरं होतं. मार्चमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या सहा खाटांच्या कक्षातून बरेच दिवस राहिलेले दोघं घरी गेले, त्यांचे सगळे दिवस एकदम मार्चमध्ये कोसळले आणि कक्ष एकशे त्रेचाळीस टक्के भरलेला दिसला. आकडेबाईंनी पत्र लिहिलं. कंपनीने एक ओळ घातली: शंभराच्या वर गेलं की शंभरच दाखवायचं. एकशे शहाऐंशीच्या जागी दोनशे सहासष्ट दिवस होते. वरचे ऐंशी दिवस कुणाच्या अंगावर पडले, कुणी सोसले, कुठे गेले, कुणी विचारलं नाही. पडदा पुन्हा सभ्य दिसू लागला. तापमापीवर एकशे चारच्या पुढच्या खुणा खरवडून टाकल्या की ताप उतरतो, अशी ही वैद्यकी होती, आणि आकडेबाईंचा राग त्या दिवसापासून एकाच मापाने टिकून होता. त्यांचा राग भडकत नसे. तो नोंद होऊन पडून राही.

अधीक्षकांनी चष्मा काढला. एके काळी ते शस्त्रक्रिया करत. आता सह्या करत. "हे बघा, वरून आदेश आहे. जूनच्या अहवालात जे वॉर्ड पंचवीस टक्क्यांच्या खाली असतील ते एक जुलैपासून बंद. तिथला स्टाफ सर्जरीला हवा आहे. वॉर्ड बंद करायची मलाही हौस नाही. मला तोडगा सांगा. भाषण नको."

"तोडगा आहे ना," टक्केसाहेब सरसावले. "तीस जूनला बावीसही जणांना कागदावर डिस्चार्ज द्यायचा. एक जुलैला कागदावर परत भरती. कुणाला खाटेवरून हलवायचं नाही, काही नाही. जून एकदम शंभर टक्के!"

आकडेबाईंनी मनात बेरीज केली. जानेवारीपासूनचे या सगळ्यांचे दिवस, अडीच हजारांच्या वर, एका रात्रीत जूनमध्ये ओतले जाणार. जूनमध्ये जागा सहाशे साठ दिवसांची. उरलेले दिवस मार्चमध्ये घातलेली ती शंभराची ओळ कापून टाकणार. एक चूक दुसरीच्या गळ्यात हात घालून उभी राहणार आणि दोघी मिळून खऱ्यासारख्या दिसणार.

"असं करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पुनर्वसन केंद्र माणूस घेताना रुग्णालयातले सलग एकशे ऐंशी दिवस बघतं. मध्ये एक डिस्चार्ज दिसला की त्यांच्याकडे मोजणी एकपासून. आपले पाच जण त्या यादीत आहेत. सात नंबरच्या खाटेवरचे बारा जानेवारीला आलेत. तीस जूनला त्यांचे एकशे सत्तर होतात. दहा दिवस कमी पडतायत, साहेब. फक्त दहा."

"पाच विरुद्ध बावीस," अधीक्षक म्हणाले. "तुम्ही तर गणितवाल्या आहात, बाई."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. पण आवाज चढला की माणसं आवाज ऐकतात आणि मुद्दा सोडून देतात, हे सत्तावीस वर्षांत त्यांनी पुरेशा वेळा पाहिलं होतं. त्यांनी वही मिटली.

"फॉर्म तीस तारखेला सकाळी छापून मिळतील," अधीक्षक उठता उठता म्हणाले. "भरून सह्या घेणं तुमच्याकडे."

*

"मग द्या ना करून!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. वॉर्ड नऊ त्यांच्या ताब्यात अकरा वर्षं होता. "बाई, पाया पडते तुमच्या. वॉर्ड गेला तर ही माणसं जाणार कुठे? त्या नऊ नंबरच्या आजोबांना घरी नेलं की आठ दिवसांत पाठीला जखमा. मला सर्जरीत टाकतील, मी तिथे ताटं मोजत बसेन."

"आणि सात नंबर?"

सिस्टरनी खाटेकडे पाहिलं. सात नंबरचा माणूस दोघींच्या मध्येच, पाठीला उशा लावून बसवलेला होता, आणि कमरेखाली संवेदना उरली नसली तरी कानांचं त्याचं उत्तम चाललं होतं. तो कारखान्यात लेथवर काम करायचा. सगळे त्याला टर्नर म्हणत. माळ्यावरून लोखंडी गज काढताना तो खाली आला आणि गज त्याच्यानंतर आला. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, घरात एकटी थोरली बहीण. तिचं वय अडुसष्ट. पुनर्वसन केंद्रात हातांच्या जोरावर खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसं जायचं ते शिकवतात, बसून करायचं काम लावून देतात आणि राहायला तळमजला देतात. त्याच्यासाठी तेवढाच दरवाजा उघडा होता आणि तो अकरा जुलैला उघडणार होता.

"माझं नाव निघालं म्हणून विचारतो," टर्नर म्हणाला. "काय भानगड आहे, ताई?"

आकडेबाईंनी सांगितलं. सगळं, क्रमाने.

"म्हणजे मी तीस तारखेला घरी जाणार आणि एक तारखेला परत येणार," तो शेवटी म्हणाला. "आणि मला पत्ताच नाही! रिक्षा तरी चांगली बघा हो."

सिस्टर हसल्या आणि लगेच डोळे पुसू लागल्या.

"आमचा फोरमन," टर्नर पुढे म्हणाला, "एक शतांश मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की जॉब भंगारात फेकायचा. वर आई-बहिणीचा उद्धार करायचा. आणि इथे सहा महिन्यांची माणसं एका महिन्यात कोंबतायत, तर त्यांना कुणी काही बोलत नाही?"

"मी बोलले," आकडेबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग ते म्हणाले, डिसेंबरनंतर."

*

घरी आल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि पट्टीने उभ्या-आडव्या रेघा आखल्या. बावीस ओळी, सहा रकाने. नवरा समोरच एक तराजू खोलून बसला होता. बाजारातले वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. बोलणं कमी आणि कानस जास्त.

"अगं, पेन्सिल मोडशील," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"मोडू दे."

"राग एवढा एकाच दिवशी काढू नकोस. महिनावार विभागून घे."

त्यांनी मान वर केली. एरवी त्या हसल्या असत्या. "तुम्हाला थट्टा सुचतेय. तो अधीक्षक सरळ म्हणाला, पाच विरुद्ध बावीस. जणू वॉर्ड बंद पडायची वेळ देवाने आणली! यांच्या यंत्राने आणली. चूक यांची, निस्तरायची त्या पाच जणांनी, आणि माझ्या अक्षरात."

"काटा चुकीचा असला की गिऱ्हाईक काट्याशी भांडत नाही," नवरा स्प्रिंग उजेडात धरून म्हणाला. "वजन टाकणाऱ्याशी भांडतं. तू वजन टाकणारी."

"मी वजन टाकणार नाही."

"मग?"

"ते कळलं असतं तर पेन्सिल एवढी दाबली असती का?"

तो हसला आणि पुन्हा कामाला लागला. त्या भरत राहिल्या. बारा जानेवारी: जानेवारीचे वीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, मार्चचे एकतीस, एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे तीस. बेरीज एकशे सत्तर. ओळीमागून ओळ. बाहेर शेजाऱ्यांची मुलं खेळून घरी जाईपर्यंत तक्ता पुरा झाला. त्यात कौशल्य काहीच नव्हतं, आणि त्यांना नेमकी त्याचीच सर्वांत जास्त चीड येत होती. कठीण गोष्ट न जमणं समजण्यासारखं असतं. ही गोष्ट सोपी होती. ती कुणी केली नव्हती, कारण न करता चालून जात होतं.

*

तीस तारखेला फॉर्मचा गठ्ठा आला. वरच्या भागात नाव, खाट, भरतीची तारीख आणि डिस्चार्जची तारीख छापलेली होती. खाली दोन रकाने रिकामे होते: निघतानाची प्रकृती आणि रुग्ण कोठे गेला. त्याखाली तीन सह्यांच्या जागा: रुग्ण, सिस्टर, नोंदणी.

आकडेबाई वॉर्डच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि शाळेत धडा वाचावा तशा आवाजात त्यांनी बावीस जणांना तो फॉर्म वाचून दाखवला. सही केली तर काय होईल, तेही सांगितलं. सही केली नाही तर काय होऊ शकेल, तेही सांगितलं. दुसरी गोष्ट सांगताना सिस्टरनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एखादीने वाक्य अर्धवट सोडलं असतं. त्यांनी सोडलं नाही.

"एवढं कशाला सांगत बसलात?" चौदा नंबरचा ट्रकचालक उसळला. "कागद द्या, सही करतो! यांच्या पाच जणांपायी आम्ही रस्त्यावर यायचं काय? माझ्या घरी मला कूस बदलायला बायको एकटी, अन् तिला दम्याचा त्रास."

"बरोबर बोलतोय तो," कोपऱ्यातून कुणी म्हणालं.

"काय बरोबर? उद्या तुझं नाव यादीत आलं की मग?"

"माझं कशाला येतंय! मेल्यावर येईल."

नऊ नंबरचे आजोबा कानाला हात लावून विचारत होते, "मी जातोय का हो? कुठे जातोय?" आणि त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं.

"ताई," टर्नर म्हणाला. तो मोठ्याने बोलला नव्हता, तरी वॉर्ड हळूहळू शांत झाला. "आणा इकडे माझा फॉर्म. तो ड्रायव्हर खोटं बोलत नाहीये. सतरा माणसांच्या पाठी वाचत असतील तर माझे एकशे सत्तर गेले तर गेले. परत मोजू."

चौदा नंबरने तोंड भिंतीकडे केलं.

आकडेबाई टर्नरच्या खाटेपाशी गेल्या. पेन त्यांनी त्याच्या हाती दिलं नाही. इतकी वर्षं त्यांचा राग नेहमी आकड्यांवरून असायचा. आता तो त्या माणसाच्या पसरलेल्या हातावरून होता. हात मजबूत होता, नखांच्या कडेला तेलाचा काळा रंग अजून होता, आणि तो हात अशी चूक अंगावर मागून घेत होता जिच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. चूक करणारे खुर्चीत बसून होते. ज्याला आधाराशिवाय बसता येत नव्हतं त्याला ती भरून द्यावीशी वाटत होती.

"तुम्ही काहीही लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे गेलेला नाहीत. गेल्याचं लिहायचं तर ज्यांनी पाठवलं त्यांनी लिहावं. फॉर्म भरणं माझ्याकडे आहे ना? मी भरते."

त्या सिस्टरच्या टेबलाशी बसल्या. पहिल्या फॉर्मवर, निघतानाची प्रकृती या रकान्यात त्यांनी लिहिलं: निघाले नाहीत. त्याखालच्या रकान्यात, रुग्ण कोठे गेला, लिहिलं: कोठेही नाही. खाट क्रमांक एकवर आहेत. मग तारीख, वेळ दहा वाजून पाच मिनिटं, सही. नियमाप्रमाणे रकाना त्यांनी रिकामा सोडला नव्हता आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. दुसरा फॉर्म घेतला. तिसरा.

सिस्टर त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. पाचव्या फॉर्मपर्यंत त्या नुसत्या वाचत राहिल्या.

"हे कागद दप्तराला लागले तर?"

"तर बावीस डिस्चार्जांखाली लिहिलेलं असेल की डिस्चार्ज झालेला नाही. लावायची छाती असेल त्याने लावावेत."

"तुम्हाला ठेवणार नाहीत हो, बाई."

"मला माहीत आहे."

सिस्टरनी एप्रनच्या खिशातून पेन काढलं. "सरका जरा," त्या म्हणाल्या आणि शेजारी स्टूल ओढून पहिल्या फॉर्मवर, आपल्या जागी, सही केली. टोक इतकं दाबलं की मागच्या बाजूने अक्षरं वर आली.

*

अधीक्षकांनी तीन फॉर्म वाचले. चौथा वाचायची गरज पडली नाही.

"हा काय पोरखेळ आहे?"

"नोंद आहे, साहेब."

"मी तुम्हाला सह्या घ्यायला सांगितलं होतं."

"दोन आहेत. तिसरी रुग्णाची. तो जाताना करतो."

"तुम्ही मला आव्हान देताय!" त्यांचा तळहात टेबलावर आपटला. "वर काय पाठवू मी? हे? हे प्रणालीत चढवलं आणि उद्या कुणी मूळ कागद काढले तर माझी मान जाईल!"

"हो," आकडेबाई म्हणाल्या. "हे नाही चढवता येणार. हे चढवता येईल." त्यांनी घरी केलेला तक्ता फॉर्मवर ठेवला. बावीस ओळी, सहा रकाने, पेन्सिल नंतर शाईने गिरवलेली. तळाशी प्रत्येक महिन्याची बेरीज. जून: सहाशे साठपैकी सहाशे साठ. "आजचा दिवस धरला आहे. संध्याकाळपर्यंत कुणी गेलं तर मी स्वतः खोडते."

"हाताने केलेला कागद कोण मान्य करतो आजकाल?"

"मग वॉर्डमध्ये जाऊन मोजून बघा. नव्वद पायऱ्या आहेत इथून."

अधीक्षकांनी तक्ता जवळ ओढला. बोट एका ओळीवरून फिरलं, थांबलं, पुढच्या ओळीवर गेलं. फोन उचलून त्यांनी वॉर्ड नऊ मागितला.

"सिस्टर, किती जण आहेत आत्ता?" ते म्हणाले. पलीकडून उत्तर आलं. त्यांनी विचारलं, "बावीस कसले? खाटा की माणसं?" पुन्हा उत्तर आलं. ते लांबलचक असावं, कारण अधीक्षकांनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला.

सहा वर्षं ते या खुर्चीत होते. वॉर्डला हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. आकडेबाईंच्या ते लक्षात आलं, आणि त्यांचा राग त्यामुळे कमी झाला नाही.

संध्याकाळी तक्ता अधीक्षकांच्या सहीने वर गेला. सोबत एक पत्र होतं: यंत्राच्या अहवालात तांत्रिक त्रुटी, वॉर्ड नऊबाबतचा निर्णय डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावा. पत्रात आकडेबाईंचा उल्लेख नव्हता. त्यांचा उल्लेख दुसऱ्या पत्रात होता. एक जुलैपासून त्यांची नेमणूक कापडखान्यात, चादरी, अभ्रे आणि टॉवेल यांच्या आवक-जावकीवर.

*

अकरा जुलैला सकाळी त्या वॉर्ड नऊमध्ये धुतलेल्या चादरी घेऊन आल्या तेव्हा टर्नरला स्ट्रेचरवर घेतलं होतं. त्याची बहीण, आक्का, कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभी होती आणि भेटेल त्याला सांगत होती, "तळमजला आहे हो, तळमजला."

"ताई, तुम्हाला माझ्यामुळे धोब्याकडे पाठवलं," टर्नर म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही. आणि इथे बेरीज सोपी आहे. जेवढ्या जातात तेवढ्या येत नाहीत, पण निदान कुणी म्हणत नाही की आल्या."

चौदा नंबरचा ट्रकचालक स्ट्रेचर जवळून जाताना म्हणाला, "जपून, मिस्त्री." एवढंच. टर्नरने हात वर केला.

स्ट्रेचर वळणावरून दिसेनासं झालं. जिन्यावरून आक्काचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला. आकडेबाईंनी सात नंबरची चादर ओढून काढली. खाली गादीला एका माणसाच्या लांबीचा खळगा पडला होता. खांद्यांपाशी रुंद, कमरेशी खोल, टाचांच्या जागी दोन लहान वाट्या. त्यांनी तळहाताने तो दाबून पाहिला. कापूस वर आला नाही.

"उलटी करू या," सिस्टर म्हणाल्या. "एक वाजता नवीन पेशंट आहे."

दोघींनी दोन टोकं धरली आणि गादी उलटी केली. त्या बाजूलाही एक खळगा होता. जुना, थोडा आखूड.

मग आकडेबाईंनी घडीतली चादर झटकून पसरली आणि एकेक कोपरा गादीखाली नीट खोचला.